बेटाचं वय

बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्याजवळ कपड्यांची एक पिशवी होती आणि एक ओलं पोतं. पिशवी त्यांनी बसच्या टपावर टाकू दिली, पोतं मात्र सबंध प्रवासभर मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या माणसाच्या बुटांवर पाणी ठिबकत होतं. त्याने विचारलं, "आजोबा, मासे आहेत का?" बाबा म्हणाले, "मासे असते तर तुम्ही आधी वासाबद्दल बोलला असता." हा किस्सा त्यांनी मला स्टँडवर उतरल्या उतरल्या सांगितला आणि मग पोतं माझ्या हातात दिलं.

"सांभाळून. डोकं वर धर त्याचं."

पोत्यात बांबूचा गड्डा होता, मुळांच्या जाळीसकट. वर छाटलेला एक बुंधा आणि त्याला चार-दोन पानं.

आमच्या जुन्या घरामागे बांबूचं बेट आहे. एकाच मुळापासून वाढलेल्या शेकडो काठ्या, एकमेकींना खेटून उभ्या. बाबा टोपल्या विणायचे. त्यांचे वडीलही ह्याच बेटावर विणायचे. लांब पेरांचा, सरळ धाग्याचा बांबू होता तो. बाबा म्हणायचे, कोयता नुसता दाखवला तरी हा चिरतो. त्यांनी त्या बांबूच्या पाट्या केल्या, करंड्या केल्या, कोंबड्यांची खुराडी केली, माझा पाळणासुद्धा केला. आणि एवढ्या आयुष्यात एकदाही बांबू लावला नाही. लावायची वेळच आली नाही. बेट असतंच, जशी विहीर असते. आपण जायचं, जून काठी बघून तोडायची, घरी आणायची. बाबांची आणि बांबूची ओळख तिथून पुढे सुरू व्हायची. त्याच्या आधी बांबू काय करतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मग प्लॅस्टिकच्या टोपल्या आल्या, गिऱ्हाईक आटलं. आई गेली. बाबा छपरीत एकटेच खोकत बसायचे. मी इथे डोंगरावरच्या थंड गावात दूध शीतकरण केंद्रात उपकरणं सांभाळते. तापमापक, दाबमापक, झडपा. मी दर फोनला म्हणायचे, या. ते दर फोनला विचारायचे, "तिथं बांबू आहे का?"

"नाही."

"मग मी तिथं येऊन काय करू? गाद्या उबवू?"

शेवटी स्वतःच तोड काढली. बेटातला एक गड्डा सोबत आणायचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच्या बारीक काठ्या मिळतील, त्यांच्या छोट्या परड्या होतील. "कोणी घेवो न घेवो," ते म्हणाले, "हात चालू राहिले म्हणजे झालं. हात थांबले की मी तुला लोणच्याच्या बरणीसारखा वाटायला लागेन. कोपऱ्यात ठेवलेला, आणि मधूनमधून झाकण उघडून बघायचा."

केंद्रातला एक रिकामा निळा ड्रम मी अर्धा कापून आणला. बुडाला भोकं पाडली. तो गॅलरीत ठेवला तेव्हा खालून घरमालकीण आल्या. बाबा त्यांना त्यांच्या माघारी कलेक्टरीणबाई म्हणत.

"पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडता कामा नये," त्या म्हणाल्या. "आणि स्लॅब माझा आहे, हे लक्षात ठेवा."

"स्लॅब तुमचाच," बाबा म्हणाले. "आम्ही नुसते त्याच्यावर राहतो."

बांबू लागेपर्यंत हाताला काम म्हणून मी केंद्रातून खोकी बांधायच्या पिवळ्या प्लॅस्टिक पट्ट्या आणल्या. बाबांनी अर्ध्या दुपारात टोपली विणली. कड अशी घट्ट वळवली की बोट फिरवलं तरी कुठे अडकत नाही. मग ती उलटीपालटी करून बाजूला ठेवली आणि पुढची केली नाही.

"का हो? चांगली झालीय की."

"झालीय. पण हिला काही होणारच नाही बघ. मी मेलो तरी ही अशीच पिवळीधमक. वस्तू कशी, आपल्याबरोबर थोडी तरी झिजली पाहिजे."

ती टोपली घरमालकीणबाईंनी कपड्यांचे चिमटे ठेवायला नेली.

आल्यापासून थोड्याच दिवसांत ड्रममधून दोन कोंब वर आले. बाबा रोज सकाळी स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसायचे. कोंब वाढले, काठ्या झाल्या, माझ्या खांद्याला लागल्या. कोवळ्या बांबूच्या प्रत्येक पेराभोवती तपकिरी, कागदासारखी खोळ असते. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर दोन्ही काठ्यांच्या खोळी गायब. काठ्या ओल्या हिरव्या, लख्ख. गॅलरी झाडलेली. खोळी कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या.

"कशी दिसतात आता?" बाबा म्हणाले. "अंघोळ घातल्यासारखी."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या घरी काठी आली की बाबा पहिल्यांदा तिच्यावर उरलेल्या वाळक्या खोळी काढायचे, मग फडक्याने पुसायचे, मगच कोयता. ते काही ठरवून करत नसत. चष्मा घालताना माणूस कान शोधत नाही, तसा त्यांचा हात काठीवरून फिरायचा आणि काठी स्वच्छ व्हायची.

पुढच्या आठवड्यात थंडी उतरली. काठ्यांचे शेंडे वाढायचे थांबले. एक शेंडा वाकला आणि तसाच राहिला. बुडाशी मागाहून आलेल्या एक-दोन बारक्या काठ्याही खोळीतच अडकून राहिल्या. पानांची टोकं तपकिरी झाली, मग पानं सुरनळीसारखी वळायला लागली, मग पिवळी. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेवाल्याला मी घरी घेऊन आले. गळ्यात मफलर, खिशात कात्री, बोलायला तिखट. बाबा त्याला रोपवाला म्हणत. ड्रमपाशी उकिडवा बसून त्याने काठीवरून अंगठा फिरवला.

"याचे कपडे कोणी काढले?"

बाबा हसले. "मी. का?"

"काका, बाळाला उघडं करून बर्फात ठेवलंत तुम्ही. ही खोळ असते ना, तिच्या आत पेर वाढत असतं. मऊ असतं, मेणासारखं. आपापलं वाढून झालं की बांबू स्वतःच खोळ टाकतो. त्याआधी काढली की वाढ खुंटते. त्यात ही हवा."

बाबांचं हसू तसंच राहिलं, नुसतं तोंडावर. ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"माहीत कसं असेल? तुम्ही बांबूवाले. रोप ते रोप, काठी ती काठी."

रोपवाला वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं नीट सांगितलं. थंडीत खत घालायचं नाही. पाणी थोडं, सकाळी, कोमट. मातीवर सुक्या पानांचा जाड थर. वारा अडवा, ऊन अडवू नका. आणि सारखं उकरून बघू नका. "वरचं गेलं तरी चालेल," तो म्हणाला. "मूळ जगलं तर वसंतात परत फुटेल. बांबू चिवट असतो."

त्या दिवसापासून बाबा ड्रमपाशी बसले की दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. पहिल्यांदा मला वाटलं, थंडी वाजतेय. मी हातमोजे आणून दिले. ते म्हणाले, "मोजे नकोत. हातांचा भरवसा नाही म्हणून दाबून ठेवलेत."

मग आमचा हिवाळा सुरू झाला. मी ड्रमला बाहेरून गोणपाट गुंडाळलं, आत सुकी पानं कोंबली. केंद्रातला एक जुना तापमापक मातीत खोचून त्याचा आकडा स्वयंपाकघरात दिसेल असं केलं. माझे सहकारी म्हणायचे, तू दिवसभर दूध गार ठेवतेस आणि घरी जाऊन माती गरम ठेवतेस, कधीतरी उलटंपालटं करशील. पाणी कोमट करून, मनगटावर थेंब टाकून बघून बाबा ते पेल्याने घालायचे. पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा म्हणून जुनी चादर बांधली. चादरीचा आवाज होतो म्हणून घरमालकीणबाई वर आल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"माझ्या सुनेच्या बाळंतपणात आम्ही एवढं केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"म्हणून ती वेगळी राहते का?" बाबांनी विचारलं.

त्या रागावतील असं मला वाटलं. त्या खाली गेल्या आणि एक जाड घोंगडी पाठवून दिली.

पण झाड सुधारलं नाही. पानं गळतच होती. काठ्या काळपट हिरव्या पडल्या. बाबा दर सकाळी एकच वाक्य बोलायचे, चहाचा पेला हातात घेऊन, माझ्याकडे न बघता. "मीच सोलला गं त्याला." मी म्हणायचे, थंडी आहे बाबा, थंडीत सगळ्यांचंच असं होतं. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांचं जेवण कमी झालं. पूर्वी मी कामावरून आले की ते दिवसभराचं काहीबाही सांगायचे, समोरच्या बाल्कनीतला माणूस कसा चोरून सिगारेट ओढतो वगैरे. आता विचारलं तरी "काय असायचंय" एवढंच.

एकदा मी चिडले. म्हटलं, "एका काठीसाठी माणूस किती झुरतो? एवढं तर आई गेल्यावरही नव्हतं."

"तेव्हा बेट होतं," ते म्हणाले. "बारा दिवस झाले नि मी सकाळी उठून काठी तोडायला गेलो. आता उठून कुठे जाऊ ते सांग."



थंडी ओसरत आली तेव्हा मामाचा फोन आला. मामा बेटाशेजारीच राहतो. मी फोन स्पीकरवर टाकला, कारण बाबा फोन कानाला लावला की ओरडून बोलतात.

"दाजी, बसलाय ना खाली?"

"बसूनच असतो. काम काय आहे मला? बोल."

"बेट फुललं."

 मामाच पुढे म्हणाला, "सगळंच्या सगळं. एक काठी सुटली नाही. पानं झडली, नुसते तुरे. ओढ्यापलीकडचंही तसंच. आता वाळतंय. उंदीर तर असे सुटलेत दाण्यावर, की मांजर घाबरून घरात बसतंय."

बांबू आयुष्यात एकदा फुलतो आणि फुलला की मरतो, हे मी लहानपणी ऐकलं होतं. कित्येक दशकांनी कधीतरी. बाबांनी ते एकदाच पाहिलं होतं, शाळेत जायच्या वयाचे असताना, डोंगरापलीकडच्या दुसऱ्या एका बेटात. त्यांच्या वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून दाखवायला नेलं होतं आणि परत येताना वडील एक शब्द बोलले नव्हते.

"दाणा पडला असेल ना?" मी फोनमध्ये विचारलं. "मूठभर ठेवा बाजूला."

"ठेवतो की. उंदरांनी ठेवला तर."

फोन ठेवल्यावर मला वाटलं बाबा आता कोसळतील. ते उठले. गॅलरीत गेले. आडोशाची चादर नीट केली, मातीवरची पानं हलक्या हाताने पसरली आणि आत येऊन म्हणाले, "बरं झालं ना मी आधीच आणला?"

त्यांच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी रंग दिसत होता.

"तिथलं सगळं गेलं," ते म्हणाले. "इथला हा एक तुकडा राहिला. आता हा जगलाच पाहिजे. याला काही झालं तर त्या बांबूचं नावच संपलं." मग म्हणाले, "आज भाजीत मीठ कमी होतं. सकाळी बोललो नाही."

पुढचे दिवस ते झपाटल्यासारखे होते. रोपवाल्याकडे रोज चक्कर. वाऱ्याची दिशा बदलली की चादर बदल. आकडा खाली गेला की मला कामावर फोन. "मातीला थंडी वाजतेय, काय करू?" मी म्हणायचे, घोंगडी टाका. ते म्हणायचे, टाकली, आता? हात मात्र अजून मांड्यांखालीच. त्या दिवसांत त्यांनी पिवळ्या पट्ट्यांची दुसरी टोपलीही केली, रोपवाल्यासाठी. मला वाटलं, आता गाडी रुळावर आली.

आणि एका सकाळी मला ते दिसलं. आधी मलाच. बाबा आत दाढी करत होते. वाकलेल्या काठीच्या पेरावर बारीक टोकदार काहीतरी फुटलं होतं. दुसऱ्या काठीवरही. पेरापेरांवर. मी वाकून पाहिलं. फिकट हिरवं, टोकाला जांभळट झाक.

"बाबा, लवकर या. फुटलं. मूळ जिवंत आहे बाबा, फुटव्यांनी भरलंय नुसतं."

ते अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आले. चष्मा पुसला, घातला. एका पेरापाशी वाकले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि खालच्या गॅलरीत घरमालकीणबाई दिसल्या म्हणून त्यांनाही ओरडून सांगत होते. माझं बोलून होईपर्यंत ते सरळ झाले होते.

"हं," ते म्हणाले.

"हं काय? बघा ना किती आलेत."

"बघितले." ते आत गेले, उरलेली दाढी केली, तोंड धुतलं, फडकं दोरीवर टाकलं. मग दारात येऊन म्हणाले, "ती पानं नाहीत गं. तुरे आहेत."

मी ऐकून घेतलं, पण ते आत शिरलं नाही. मी म्हटलं, हे तर कालपरवाचं झाड आहे, अजून बाळ आहे.

"मलाही तेच कळत नाही. इतक्या लांब आणला. माती वेगळी, हवा वेगळी, पाणी वेगळं. याला कोणी सांगितलं?"

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. मोबाइलवर वाचत बसले, मग कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोन केला. त्यांनी जे सांगितलं ते सोपं होतं. गड्ड्यापासून लावलेला बांबू म्हणजे नवं झाड नसतंच. जुन्या झाडाचाच तो तुकडा. कुठेही न्या, त्याचं वय तेच राहतं. आत कुठेतरी जे घड्याळ चालू असतं, ते तोडल्याने पहिल्यापासून सुरू होत नाही. बेट फुललं की त्याचे सगळे तुकडे, जिथे असतील तिथे, थोड्याफार फरकाने फुलतात.

हे मी बाबांना सांगितलं. ते स्टुलावर बसले होते आणि पहिल्यांदाच त्यांचे हात मांड्यांवर होते, उघडे. एक वाक्य त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, वयाचं.

"म्हणजे हा माझ्यापेक्षा थोरला," ते म्हणाले. "आणि आपण त्याला कोमट पाणी पाजत होतो."

"बाबा, म्हणजे खोळी काढल्यामुळे काही झालं नाही. तुमची काहीच चूक नव्हती. उगाच तुम्ही हिवाळाभर..."

मला खरंच वाटलं होतं की हे ऐकून त्यांना हलकं वाटेल. मनात मी ते वाक्य फोन झाल्यापासून जपून ठेवलं होतं.

"माझी चूक असती तर बरं होतं," ते म्हणाले. "चूक असली की माणूस सुधारतो. पुढच्या कोंबाला हात लावला नसता मी."

तुरे वाढले. गव्हाच्या ओंब्यांसारखे, पण किरकोळ, सुकलेल्या गवताचे झुबके दिसावेत तसे. उरलीसुरली पानंही गळली. रोपवाला एकदा येऊन गेला. बोलायला तिखट माणूस, पण त्या दिवशी मफलर सारखा करत नुसता उभा राहिला आणि जाताना बाबांना म्हणाला, "दुसरा बांबू देतो काका. थंडीतला आहे, बारीक असतो, पण हिरवागार राहतो."

"चिरतो का?"

"चिरायचा कशाला? शोभेचा असतो तो."

"मग तुमच्याकडेच शोभू दे," बाबा म्हणाले. आवाजात टोमणा होता, पण जुना जोर नव्हता.

दाणा धरेल म्हणून आम्ही वाट बघितली. म्हणजे मी बघितली. झुबके वाळले तेव्हा बाबांनी एक तोडून तळहातावर चोळला, फुंकर मारली. सगळं उडून गेलं. दुसरा चोळला. तिसरा. खाली गॅलरीभर फोलपट. एकाही तुसात दाणा नव्हता. मी म्हटलं, मामाने ठेवला असेल मूठभर, तो मागवू, पेरू. दाण्याचा बांबू नव्याने जन्मतो, त्याचं वय शून्य असतं.

"पेर ना," बाबा म्हणाले. "सुरुवातीला नुसतं गवत असतं ते. काठी तोडण्याजोगी व्हायला आठ-दहा वर्षं लागतील. मग तोडेल कोण?"

"मी."

"तुला चिरता येतो?"

मला येत नाही. कधी शिकवलं नाही, कधी शिकले नाही. मुलगी शिकतेय, हात कशाला कापून घेईल, असं आईही म्हणायची आणि तेही. 

मामाने अजून दाणे पाठवलेले नाहीत. बाबाही विचारत नाहीत. मी काल फोन केला, तर तो म्हणाला, त्या जागेवर आता जेसीबी फिरतोय, बघतो.

आज सुटी होती. सकाळी उठले तर बाबा अंथरुणात नव्हते. गॅलरीचं दार उघडं, आडोशाची चादर काढून घडी केलेली. घोंगडीची घडी, गोणपाटाची घडी. घोंगडीवर घरमालकीणबाईंना द्यायची म्हणून एक चिठोरा खोचलेला, 'आभारी आहे' असा. ड्रम उघडाबोडका. बाबा स्टुलावर बसून काठी सोलत होते.

नंतर आलेल्या ज्या एक-दोन बारक्या काठ्या होत्या, ज्यांना त्यांनी हिवाळाभर हात लावला नव्हता, त्यांच्या सगळ्या खोळी ते एकेक करून काढत होते. पेरापाशी नख घालायचं, अंगठ्याने अलगद सैल करायची आणि एका हिसक्यात ओढायची. मग खांद्यावरच्या फडक्याने पुसायचं, वरून खाली. त्यांचे हात घाई करत नव्हते. हात विसरलेही नव्हते. खोळी त्यांनी डाव्या बाजूला एकावर एक रचून ठेवल्या होत्या, बुडाची बाजू एकीकडे.

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "बाबा, चहा ठेवू?"

"ठेव," ते म्हणाले. काठी बोटांत धरून त्यांनी किंचित वाकवून पाहिली. ती वाकली नाही, तुटली, कोरड्या आवाजाने. त्यांनी दोन्ही तुकडे बघितले, पुसले, खोळींशेजारी ठेवले आणि पुढची काठी घेतली.

"आता सोललं तरी काही बिघडत नाही त्याचं," ते म्हणाले.